खांबाला पाणी

परत येऊन दोन महिने होत आले, तरी रस्त्यानं चालताना माझी नजर अजून जमिनीवरच असते. कुठं खुंटी दिसते का, कुठं भेग पडली आहे का. बायको म्हणते, "काही हरवलं का तुमचं?" गावातले लोक वेगळंच विचारतात. आफ्रिकेत जाऊन आला म्हणजे सिंह पाहिला का? सिंह नाही पाहिला. झेब्रे पाहिले, आपल्याकडं गायी चरतात तसे कळपानं चरणारे. आणि एक शहर पाहिलं, जे अजून झालेलं नाही.

हे लिहायला मला कोणी सांगितलं नाही. पण प्रत्येकाला तोंडी सांगताना मी सिंहावर आणि थंडीवर थांबतो आणि जे सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून वही घेतली. माझी शाळा आठवीत सुटली. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कोरपना तालुक्यात. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या. शाळा सुटल्यावर काही वर्षं मिळेल ते काम केलं. मग चुनखडीच्या खाणीवर सर्व्हेवाल्यांच्या हाताखाली लागलो. काम एकच, पट्टी धरायची. दोन पुरुष उंचीची, आकडे छापलेली पट्टी असते. ती जमिनीवर सरळ उभी धरायची. दूर तिपाईवर दुर्बीण लावून साहेब आकडा वाचतात आणि त्यावरून जमीन कुठं उंच, कुठं सखल ते निघतं. ऐकायला सोपं वाटतं. भर उन्हात अर्धा तास न हलता उभं राहून पाहावं.

ढोक साहेब नागपूरचे. त्यांनी मला खाणीवर पाहिलं आणि सोबत घेतलं. एटापल्लीकडचे डोंगर, धानोऱ्याचं जंगल, सगळीकडं त्यांच्याबरोबर पट्टी घेऊन हिंडलो. माझं लग्नही धानोऱ्यातलंच, तेही त्या कामामुळंच जुळलं. म्हणजे माझ्याकडं जे आहे, त्यातलं बरंचसं साहेबांमुळं आहे. हे मी विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणूनच सारखं भ्याव वाटतं. मिळालेलं काढून घेतलं जाईल, असं.

मागच्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला. केनिया देशात तिथलं सरकार एक नवं शहर वसवतं आहे, कॉम्प्युटरच्या उद्योगांचं. त्याचे रस्ते आणि नाल्या आखण्याआधी जमिनीची उंची-सखलता मोजायची आहे. "मशीन तिकडं भेटून जाईन," साहेब म्हणाले. "पट्टी सरळ धरणारा माणूस मले इथूनच न्या लागते. येतं काय?"

फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता. मी पेन धरून बसलो. साहेबांनी फॉर्म ओढून घेतला आणि अनुभवाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात 'चौदा वर्षे' लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

नैरोबी

ऑगस्ट महिना. आपल्याकडं धो-धो पाऊस चालू होता. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढंच मला माहीत. स्वेटर आणलंच नव्हतं. तिथले लोक जाड कोट घालून हिंडत होते आणि मी सुताच्या शर्टात.

त्याआधी एक फजिती झाली. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, लाल तिखटाची पुडी कपड्यांत गुंडाळून दिली होती. तिथल्या अधिकाऱ्यानं ती उघडली आणि नाक जवळ नेलं. मग जे शिंकायला लागला! आता परत धाडतात, चौदा वर्षं पाण्यात. शिंका थांबल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "पिलीपिली?" मी म्हटलं, "मिरची." त्यानं पुडी बांधून हातात दिली आणि बोलला, "करिबू." या, असं.

तिथं कितीतरी शब्द आपले वाटतात. चहाला 'चाय'. गाडीला 'गारी'. दुकानाला 'दुका'. रंगाला 'रंगी'. चपातीला तर चपातीच. जुन्या काळी समुद्रावरून गेले असतील, साहेब म्हणाले. मला आपलं बरं वाटलं. शब्द आधी पोचले होते, तर माणूसही राहून जाईल.

मैदान

शहराची जागा नैरोबीहून दोन-अडीच तासांवर. पिवळं गवत, मधूनमधून आपल्या बाभळीसारखी काटेरी झाडं, फक्त डोकी छत्रीसारखी पसरलेली. लांब निळे डोंगर. पत्र्याच्या ऑफिसात भिंतभर नकाशा होता. इथं विद्यापीठ, इथं दवाखाना, इथं कॉम्प्युटर ठेवायच्या इमारती, इथं तळं. सगळं रंगीत. खिडकीतून पाहिलं तर बाहेर बकऱ्या.

तिथले इंजिनिअर मुस्योका, तरुण माणूस, कायम इस्त्रीचा शर्ट. त्यांनी नकाशावर बोट ठेवून समजावलं आणि साहेबांनी मला मराठीत सांगितलं. जमीन इतकी सपाट आहे की उंचीत बोटभर फरक झाला तरी नाली उलटी वाहील. आज चुकलं तर उद्या घरांत पाणी.

हे ऐकून मी बाहेर आलो, खाली वाकलो आणि चिमूटभर माती चोळून पाहिली. काळी, चिकण, उन्हानं भेगाळलेली. भेगांमध्ये हात जाईल.

"काय पाहून राह्यला बे?" साहेब.

"आपलीच हाये साहेब. कापसाची."

त्या दिवशी मला आनंद झाला होता. आता आठवलं की वाटतं, मातीनं मला तिथंच सावध केलं होतं.

दुसरी पट्टी धरायला जवळच्या गावातली एक बाई होती. पंचेचाळिशीची, उंच, फुलांच्या छापाचं कापड कमरेला गुंडाळलेलं. नाव विचारलं तर म्हणाली, "मामा म्वेंदे." म्वेंदे तिच्या थोरलीचं नाव. मामा म्हणजे आई. म्वेंदेची माय. मी हसायलाच लागलो. आमच्या गावातही बाईला तिच्या नावानं कोण हाक मारतं? पिंटूची माय, बेबीची माय. तिनं विचारलं, तुझ्या थोरल्याचं नाव काय? मी म्हटलं, सुगत. त्या दिवसापासून मी बाबा सुगत झालो. सुनंदा मला 'सुगतचे बाबा' म्हणते, अगदी तसंच.

ती स्वाहिलीत बोलायची, मध्ये इंग्रजी, मध्ये हात. मी मोडक्या हिंदी-इंग्रजीत. पण चार दिवसांत आमचं जमलं. तिचं बोलणं मी इथं आपल्या बोलीत लिहितो, कारण माझ्या कानाला ते तसंच ऐकू यायचं.

"म्वेंदे माह्या पाठीवर बांधली होती ना," ती एकदा म्हणाली, "तवा पहिला साहेब आला अन् म्हणे इथी शहर होणार. आता ते माह्याहून उंच झाली. शहर काही उगवलं नाई."

"मग तू काऊन येतं कामावर?"

"नाव यादीत राहावं म्हणून. आज पट्टी धरीन तर उद्या शहर झाल्यावर म्हणतीन, हे आपली जुनी बाई. तवा म्वेंदेचा नंबर लागन. यादीतून नाव कटलं का सारं कटलं."

मला तिचं भ्याव ओळखीचं वाटलं. माझंही तेच.

कामाला ती पक्की होती. पट्टी उचलली की तिचं बूड आधी कमरेच्या कापडाच्या टोकानं पुसायची, मग टेकवायची. प्रत्येक वेळी. बुडाला माती चिकटली तर पट्टी तेवढी वर उचलली जाते आणि आकडा चुकतो. हे मला शिकायला एक वर्ष लागलं होतं. तिला कोणी सांगितलंही नव्हतं. म्हणाली, "भांडं चुलीवर ठेवाच्या आधी बूड पुसत नाई का तुमच्या इथी?"

दुपारी तिच्या डब्यात उकडलेला मका आणि घेवडा. माझ्याकडं उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत कोबीसारखी हिरवी भाजी. चव म्हणावी तर मीठसुद्धा बेताचं. मी तिखटाची पुडी काढायचो. एकदा तिनं हट्टानं चिमूटभर घेतलं, घटाघटा पाणी प्याली आणि म्हणाली, "तुही बायको तुह्यावर रागावून आहे का?"

खुंट्यांना आम्ही लाल फिती बांधायचो. आठवड्यात निम्म्या गायब. धानोऱ्याकडं लोक खुंट्याच उपटायचे आणि विचारायचे, कोणाले विचारून गाडली? इथं तसं भांडण नव्हतं. दोन दिवसांनी त्या फिती बकऱ्यांच्या गळ्यात दिसल्या. मामा म्वेंदे लांबून ओरडली, "पाहा बाबा सुगत, तुह्या खुंट्या चराले निंघाल्या!"

खांब

आता मुद्द्यावर येतो.

उंची मोजायला एक पक्की जागा लागते, जिथून सुरुवात करायची आणि जिथं येऊन थांबायचं. मुख्य जागा दूर टेकडीवर, खडकात होती. रोज तिथं जाणं परवडणारं नव्हतं. साहेबांनी ऑफिसजवळ एक काँक्रीटचा खांब करायला सांगितलं. "काळी माती संपस्तोर खोद," म्हणाले. मी खोदायला लागलो. गुडघ्याएवढं खोल गेलो आणि सब्बल टणकन वाजली. अजून दोनदा मारली. टण, टण. मी वर येऊन सांगितलं, "मुरूम लागला साहेब."

साहेब फोनवर होते. मान हलवली. खांब ओतला. टेकडीच्या खडकापासून मोजत येऊन खांबाची उंची लिहून घेतली आणि साहेब म्हणाले, "सात दिवस पाणी मार."

आता काँक्रीटला पाणी मारणं म्हणजे आमच्याकडं काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेल. स्लॅब टाकला की घरातली म्हातारी माणसंसुद्धा पहाटे उठून विचारतात, पाणी मारलं का? पाणी मारणारा माणूस आळशी निघाला तर त्याला जन्मभर बोल. मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन डबे पाणी त्या खांबावर ओतायला लागलो. सात दिवस झाले. मग वाटलं, थंडी आहे, अजून थोडे दिवस मारावं. मग वाटलं, ऊन आहे, अजून. चौदा झाले. एकवीस झाले. साहेब येता-जाता पाहायचे. त्यांनी काही म्हटलं नाही, आणि मला त्यात कौतुक दिसायचं.

पाणी टँकरनं यायचं. पण आजूबाजूच्या गावांतल्या बाया पिवळे डबे गाढवांवर लादून, कुठून कुठून आणायच्या. मामा म्वेंदेही. ती कमरेवर हात ठेवून पाहायची.

"दगडाले पाणी पाजून राह्यला? माही बकरी तहानलेली आहे तिकडं."

"पक्का होते यानं."

"का उगवते? झाड होणार याचं? मग सांग, सावलीले येईन."

मी हसायचो. खांबाभोवती कोवळं हिरवं गवत आलं होतं. सगळ्या पिवळ्या मैदानात तेवढीच एक थाळीएवढी हिरवी जागा. मला ती शोभेची वाटायची.

आकडा बसत नाही

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, टेकडीच्या खडकापासून फिरून परत खांबापर्यंत मोजलं. आकडा बसेना. खांब जेवढ्या उंचीवर असायला हवा, त्याहून दीड सेंटिमीटर वर दाखवायला लागला. पुन्हा मोजलं. तेच. तीन आठवड्यांत त्या खांबावरून मोजलेलं सगळं काम संशयात आलं. साहेबांनी टोपी काढली आणि डोकं खाजवत बसले. मी त्यांना असं फार वेळा पाहिलेलं नाही.

मुस्योकांनी खांबाजवळ येऊन खाली पाहिलं. पाण्यानं चिखल झाला होता. साऱ्या कोरड्या मैदानात चिखल तेवढ्याच जागी. मग त्यांनी पट्टीकडं पाहिलं. खांबावर पट्टी धरायची पाळी मामा म्वेंदेचीच असायची.

"बुडाला चिखल चिकटला असणार," ते इंग्रजीत म्हणाले. "तिनं पुसला नाही. पट्टी वर उचलली गेली."

मामा म्वेंदे म्हणाली, पुसते. प्रत्येक वेळी पुसते.

ते शांतपणेच बोलले, रागावले नाहीत. म्हणाले, मोठं काम आहे, दुसरा माणूस पाहतो, तू उद्यापासून येऊ नको.

मी दहा पावलांवर उभा होतो. ती पुसते हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर चार शब्द पुरले असते. पण मनात आलं, ती नाही तर मग कोण? पट्टी धरणारे दोघंच. माझ्या जिभेला कुलूप लागलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. थोडा वेळच. मग कमरेच्या कापडाचं टोक घेतलं, पट्टीचं बूड पुसलं, पट्टी माझ्या हातात दिली आणि निघाली. चिखलाचा डाग तिच्या कापडावर होता, सगळ्यांना दिसेल असा.

सुनंदाचा फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सुनंदाचा फोन आला. ती आपली एकामागून एक सांगत होती. पाऊस थांबत नाई, सुगतला सर्दी झाली, "अन् मागचं दार पुन्हा अटकून राह्यलं. लागतही नाई, उघडतही नाई. काल सुगत खिडकीतून बाहेर गेला."

"न्हाणीकडचं?"

"दुसरं कोणतं? तिकडची भुई फुगली. दरसाल फुगते. तुम्हाले काय नवीन आहे?"

कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

नवीन काहीच नव्हतं. काळी माती पाणी प्याली की फुगते. फुगली की वरचं सगळं उचलते, दार असो की भिंत. आमच्या गावात लहान लेकराला माहीत आहे. म्हणून तर घराचा पाया मुरमापर्यंत नेतात.

मी खांबाकडं पळालो. आजूबाजूला सगळीकडं हात जाईल एवढ्या भेगा, आणि खांबाभोवती एकही नाही. सगळ्या मिटल्या होत्या. हिरव्या गवताची ती थाळी कडेपेक्षा वर आली होती, पुरणपोळी फुगते तशी. मी सब्बल घेऊन खांबाच्या कडेनं खोदलं. गुडघ्याएवढ्यावर जिथं टणकन वाजलं होतं, तिथं आता सब्बल आत घुसली. काढली तर टोकाला काळा चिखल. मुरूम नव्हताच तिथं. उन्हानं विटेसारखी भाजलेली काळी मातीच होती, आणि मी आवाज ऐकून मुरूम म्हटलं होतं.

पट्टी खरं बोलत होती. मामा म्वेंदे खरं बोलत होती. खांबच वर आला होता, आणि त्याला मी पाणी पाजलं होतं.

हे सगळं सकाळी आठला कळलं. साहेबांना सांगितलं दुपारी एकला. मधले पाच तास मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. फिती कापल्या. गरज नसताना खुंट्या रंगवल्या. डोक्यात हिशोब चालला होता. कोणाला कळणार नाही. पाणी मारायला साहेबांनीच सांगितलं होतं. ऊन लागलं की माती बसेल, खांब बसेल, आकडाही बसेल. आणि प्रत्येक वेळी त्या पुसलेल्या पट्टीचं बूड समोर यायचं.

साहेब ऑफिसच्या सावलीत जेवत होते.

"साहेब, मुरूम नव्हता लागला."

त्यांचा घास हातात राहिला. "काय म्हटलं?"

मी सगळं सांगितलं. मधेच अडखळलो, पुन्हा सांगितलं.

"डोळ्यानं पाहिला होता काय मुरूम?"

"नाई साहेब. आवाज ऐकला होता."

"मी किती दिवस पाणी माराले सांगतलं होतं?"

"सात."

"अन् तू?"

"एकवीस."

"काऊन बे?"

"भेव वाटे साहेब. खांब कच्चा राहीन, अन् तुम्ही मले वापस धाडान."

माशी ताटावर बसली, ती त्यांनी हाकलली नाही. मग म्हणाले, "रोज पाहो तुले पाणी मारतानी. वाटे, पोरगा मन लावून करते. मीही तं काळ्या मातीतलाच आहो ना. मले काऊन नाई कळलं?" ते उठले. हात धुतले. "त्या बाईचं नाव यादीत राहील. मुस्योकाशी मी बोलतो. पण तिले तू सांगशील. तुह्या तोंडानं."

"अन् मी, साहेब?"

"ते मग पाहू."

पिवळा डबा

मामा म्वेंदेचं गाव मैदानापलीकडं, पायी तासाभराचं. मी एकटाच गेलो. वाटेत एकच वाक्य पाठ करत होतो, ऑफिसच्या वॉचमननं शिकवलेलं. 'कोसा लांगू.' चूक माझी.

ती घरापुढं गाढवावर डबे बांधत होती. मी म्हटलं, "मामा, कोसा लांगू." मग हातांनी दाखवलं. पाणी, माती, खांब, वर. तिनं पूर्ण ऐकलं. मला वाटलं हसेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं एक पिवळा डबा सोडला आणि माझ्या हातात दिला. गाढव पुढं, ती मागं, मी तिच्या मागं.

पाण्याची जागा किती लांब होती ते सांगत नाही, माझा अंदाज खरा वाटणार नाही. नळावर रांग. आमची पाळी आली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. परत येताना भरलेला डबा मी कधी खांद्यावर, कधी डोक्यावर, कधी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला. तिनं एकदाही मदत केली नाही. बायका वाटेत थांबून विचारायच्या, हा कोण? ती काहीतरी सांगायची आणि त्या हसायच्या.

घरी पोचल्यावर तिनं डबा घेतला.

"किती दिवस पाजलं?"

मी बोटांनी दाखवलं. एकवीस. रोज चार डबे.

"हं," म्हणाली. एवढंच. मग चहा दिला, भरपूर दुधाचा. मी म्हटलं, उद्या चल कामावर. तिनं मान हलवली. "ज्यानं नको म्हटलं, तो येऊन ये म्हणन, तवा येईन. तू तं त्या दिवशी मुकाच होता."

मी चहा संपवला आणि परत निघालो.

मुस्योका दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गाडी घेऊन गेले. ते काय बोलले ते मला माहीत नाही. पण ती गाडीत पुढं, त्यांच्या बाजूला बसून आली.

नवा खांब आम्ही मिळून केला. खड्ड्यात उतरून मी खोदत होतो, ती वरून माती ओढत होती. काळी माती माझ्या डोक्यावर गेली तरी संपेना. मग पांढरट-पिवळी लागली. मी मूठभर वर दिली. साहेबांनी चोळून पाहिली, मुस्योकांनी पाहिली, मामा म्वेंदेनं तर जिभेवर ठेवून थुंकली आणि म्हणाली, "आता ठीक." खांबाभोवती मोठा पाइप उभा केला, म्हणजे काळी माती फुगली तरी खांबाला धरून वर ओढणार नाही. वरच्या तोंडावर ओलं पोतं बांधलं. त्यावर ती दिवसातून एकदा तांब्याभर पाणी शिंपडायची, तेही माझ्या हातात न देता.

जुना खांब तसाच ठेवला. पाऊस आला की तो किती हलतो ते पाहायचं, मुस्योका म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे सगळं काम पहिल्यापासून मोजलं. मामा म्वेंदेनं मला बाबा सुगत म्हणणं सोडलं. थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात ना, मग थोरलं लेकरू कोणतं, तर ज्याला एवढं पाणी पाजलं ते. जीवे म्हणजे त्यांच्यात दगड. मी बाबा जीवे झालो. सगळं मैदान मला त्याच नावानं हाक मारायला लागलं, वॉचमनपासून मुस्योकांपर्यंत.

निघायच्या दिवशी मी तिला उरलेली तिखटाची पुडी दिली. तिनं ती हातभर लांब धरून घेतली.

कोरपना

साहेब तिकडंच राहिले, दुसरा टप्पा व्हायचा आहे. निघताना मी विचारलं होतं, मला परत बोलवाल का? पुन्हा तेच, "पाहू." त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले. इथं आल्यावर मागच्या दाराची चौकट काढली, न्हाणीचं पाणी दूर वळवलं, भुई खोदून मुरूम भरला. मुरूम डोळ्यानं पाहून भरला. सुनंदा म्हणाली, दहा वर्षं म्हणून राह्यली होती, तवा आफ्रिकेले जा लागलं तुम्हाले. कापूस वेचणीला आला, मी वेचायला जातो, पण कमरेला फोन बांधलेला असतो. वाजला नाही तरी काढून पाहतो.

परवा वाजला. मी वावरात होतो.

"अबे उत्तम," साहेब ओरडत होते. मागं पत्र्यावर पावसाचा आवाज. "पाऊस लागला इथी. आठ दिवस झाले."

माझ्या तोंडातून पहिलं निघालं ते हे, "साहेब, मामा म्वेंदे कामावर आहे ना?"

"हे काय, बाजूलेच आहे. आता दुर्बीण वाचाले शिकवून राह्यलो तिले. नवा खांब केसभर नाई हालला." मग फोन बाजूला गेला, मागं ती काहीतरी बोलली, चार-पाच जण हसले, आणि साहेब परत आले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "ते विचारून राह्यली, बाबा जीवेचं लेकरू पुन्हा बोटभर वाढलं म्हणा, बाप पाहाले येते का नाई?"

"तुम्ही काय म्हणता साहेब?"

"मी काय म्हणतो? पासपोर्ट कुठी ठेवला ते पाह्य. अन् स्वेटर घेजो."